कमी ऑक्सिजनच्या गाळातील फोरामिनिफेरा: जिवंत कोणते आणि मृत कोणते, हे कसे ओळखावे

फोरामिनिफेरा हे कवचधारी एकपेशीय जीव असून जीव मेल्यावरही त्यांचे कवच गाळात टिकून राहते, त्यामुळे चमचाभर गाळात आजचे जीव आणि कित्येक वर्षांपूर्वीची रिकामी कवचे एकत्र मिसळलेली असतात. ऑक्सिजन कमी असलेल्या समुद्रतळावर ही ओळख आणखी अवघड होते, कारण तेथे कुजण्याची क्रिया मंद चालते आणि मेलेल्या जीवाचे पेशीद्रव्य कवचात आठवडेच नव्हे, तर महिनोन्‌महिने शिल्लक राहू शकते.

नळीने काढलेला समुद्रतळाच्या गाळाचा स्तंभ वर आल्यावर प्रथम त्यावरील पाणी पाहावे. ते गढूळ असेल, तर पृष्ठभाग ढवळला गेला आहे असे समजून तो नमुना बाजूला ठेवावा. वरच्या एका सेंटिमीटरवर मात्र थांबू नये. ग्लोबोब्युलिमिनासारखे काही फोरामिनिफेरा गाळात खोलवर, ऑक्सिजन पोहोचत नाही अशा थरातही जगतात. स्वीडनमधील गुलमार फ्योर्डमधल्या ग्लोबोब्युलिमिना स्यूडोस्पिनेसेन्सवरील 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा जीव पेशीत नायट्रेट साठवून त्यावर श्वसन करतो, असे दिसून आले. म्हणून ‘येथे ऑक्सिजन नाही, तेव्हा येथील कवचे मृतच असणार’ असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

कवचातील पेशीद्रव्य ओळखू यावे म्हणून ते रंगवण्यासाठी 70 टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात रोझ बेंगॉल हे गुलाबी रंगद्रव्य मिसळावे, ते गाळात हलक्या हाताने एकजीव करावे आणि नमुना किमान 14 दिवस तसाच ठेवावा. घाई केल्यास कवचाच्या आतल्या खोल कप्प्यांपर्यंत रंग पोहोचत नाही. त्यानंतर गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा. अशा तळांवर बोलिव्हिनासारख्या लहान, निमुळत्या जाती बहुसंख्य असू शकतात. 150 मायक्रॉनची चाळणी वापरल्यास त्यांतील बऱ्याचशा खाली निसटतात.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. नमुना ओलाच तपासावा, कारण ओलसर बोलिव्हिनाचे कवच काचेसारखे पारदर्शक दिसते आणि दोन ओळींत रचलेले कप्पे एकेक करून पाहता येतात. बहुतेक कप्प्यांत गडद, एकसारखा गुलाबी रंग भरलेला असेल, तर तो जीव नमुना घेताना जिवंत असण्याची शक्यता दांडगी असते. शेवटचा कप्पा रिकामा असला तरी चालते. फिकट ठिपके, केवळ बाहेरच्या पृष्ठभागावरचा रंग किंवा कवचात शिरलेला एखादा सूत्रकृमी यांनी फसू नये, कारण हा रंग कोणत्याही प्रथिनयुक्त पदार्थाला लागतो. अपारदर्शक कवच संशयास्पद वाटल्यास ते सुईने फोडून आत पाहावे.

एवढे करूनही रोझ बेंगॉल फक्त पेशीद्रव्य आहे एवढेच सांगते, ते जिवंत आहे की नाही हे सांगत नाही. शक्य असेल तेथे नमुना अल्कोहोलमध्ये टाकण्यापूर्वीच त्याचा एक भाग सेलट्रॅकर ग्रीनसाठी वेगळा ठेवावा. हे द्रव्य जिवंत पेशीतील विकरांच्या क्रियेनंतरच चमकू लागते. तळाच्या पाण्याच्या तापमानाला, अंधारात, सुमारे 12 तास ठेवल्यावर निळ्या प्रकाशाखाली जिवंत पेशी हिरव्या चमकतात. गाळ तापू देऊ नये आणि त्यात हवा खेळवू नये, कारण या जीवांना कमी ऑक्सिजनचीच सवय असते. दोन्ही पद्धतींची मोजणी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी आणि निश्चित न ठरलेली कवचे ‘संदिग्ध’ म्हणून स्वतंत्र मोजावीत.