निपाणीची तंबाखू पाईपमध्ये भरण्याआधी

आमचं घर निपाणी पट्ट्यातलं, तंबाखूवर चाललेलं. पुण्याकडचे पाईप ओढणारे पाहुणे आले की हमखास तंबाखूचं पान मागतात. म्हणतात, "गावचं आहे, बिनरसायनाचं, त्रास व्हायचा नाही." त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी पान समजून घ्या. आमची तंबाखू बिडीची. शेंडा खुडून, बगलफुटी (पानाच्या बगलेतले कोंब) काढून झाडाचा सगळा जोर मोजक्या पानांत उतरवायचा; निकोटिनही त्यात वाढतं. पानावर तपकिरी ठिपके भरले की कापणी, मग उन्हात वाळवण. पाईपला बहुतेक व्हर्जिनिया जातीची तंबाखू वापरतात. आपल्याकडं ती म्हैसूर भागात आणि आंध्रात होते. ती भट्टीत वाळवतात, त्यामुळं पानातली साखर टिकते आणि धूर सौम्य लागतो. आमचं पान नुसतं भरलंत तर घसा धरेल, घेरी येईल.

आता त्रास होतो की नाही, त्याचं. हा वाद जुनाच. 1604च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग यानं विजापूरहून त्याच्यासाठी तंबाखू नेली, तेव्हाही दरबारात हकिमानं हरकत घेतली होती. "धूर छातीत घेत नाही, मग अपाय कसला?" असं पाईपवाले म्हणतात; हे तर मला कुणीच सांगू नये. खुडणीच्या दिवसांत हातावर काळा चीक बसतो, साबणानं निघत नाही. दवानं ओल्या पानांत राबणाऱ्या बायकांना मळमळतं, उलट्या होतात. नुसत्या कातडीतून एवढं शिरतं, तर तोंडाच्या नाजूक अस्तरातून किती शिरत असेल! पाईपनं ओठाचा, तोंडाचा, घशाचा कॅन्सर होतो. पान गावचं असलं म्हणून त्यात फरक पडत नाही. जाळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघणारच.

म्हणून ज्यानं कधी ओढलेली नाही, त्याला मी पान देत नाही.

ओढणाऱ्यानं व्हर्जिनियात चिमूटभरच मिसळावं. शिरा काढा, भुकटी चाळून टाका. पान कडक झालं असेल तर ओल्या फडक्याशेजारी झाकून ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर न कुरकुरता हळूहळू फुललं की झालं. तळाला सैल, वर जरा घट्ट भरा. उपाशीपोटी ओढू नका. बुरशीचा वास आला तर सगळं फेकून द्या. उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर ठेवा. तंबाखू पोटात गेली तर लहान लेकराच्या जिवावर बेतू शकतं.