यंदा तारली का आली नाही? बाजारात उभं राहून कसं ताडावं

तारली, म्हणजे सार्डिन, कमी आली की गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, समुद्रातले मासे संपले." पुढच्या साली पेट्यांवर पेट्या उतरल्या की तेच गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, काही झालं नव्हतं." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मी प्राणिशास्त्र शिकले आणि आता सोलापुरात मासळीचं दुकान चालवते. समुद्र इथून रस्त्याने 300 किलोमीटरच्या वर. रत्नागिरीकडचा माल रात्रभर बर्फात येतो. तरीही एक वही, एक पट्टी आणि तराजू एवढ्यावर समुद्रातल्या पिलांच्या पिढीचा बराच अंदाज बांधता येतो.

आधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. 10 लाख अंडी धरा. रोज शंभरातली 10 पिलं मरतात असं माना, म्हणजे 10 लाखांना 0.9 ने साठ वेळा गुणा. दोन महिन्यांनी साधारण 1,800 पिलं उरतात. आता शंभरात 12 मरू द्या, म्हणजे 0.88 ने गुणा: 470 सुद्धा उरत नाहीत. आणि 8 च मेली तर 6,700. रोजचा फरक शंभरात दोन-दोन पिलांचा, पण दोन महिन्यांनी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यात चौदा पटींचं अंतर पडतं. हे गणित स्वतःच्या हाताने करा, वाचून सोडू नका. अंडी भरपूर पडली म्हणून पुढच्या साली मासे भरपूर येतील असं का सांगता येत नाही, ते यातच कळतं. अंडी घालणारे मासेच फार कमी झाले तर मात्र कितीही चांगलं वर्ष आलं तरी उपयोग होत नाही.

मग तो दोन टक्क्यांचा फरक पडतो कशाने? नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी 1914 मध्ये याचं एक उत्तर मांडलं. 1904 साली जन्मलेली हेरिंग या माशाची एकच पिढी तिथल्या जाळ्यांत पुढे कित्येक वर्षं सगळ्यांत जास्त सापडत होती, आणि तिच्या आधीचे-नंतरचे जन्म त्या मानाने नगण्य होते. खवल्यांवरची वर्तुळं मोजून वय काढल्यावर हे दिसलं. त्यांचं म्हणणं असं: अंड्यातून निघालेल्या पिलाला पोटाच्या पिशवीतला बलक थोडेच दिवस पुरतो. तो संपताना तोंडासमोर सूक्ष्म खाद्य हवं, नाहीतर पिलं मरतात. किंवा प्रवाह त्यांना भलत्याच पाण्यात वाहून नेतो आणि ती परत येत नाहीत.

पुढे ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी वेळेच्या जुळणीवर भर दिला. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बी तेच, रान तेच, पण हस्ताचा पाऊस लांबला आणि वाफसा हुकला की पीक हातचं जातं. समुद्रातही खाद्याचा बहर दोन-तीन आठवडे अलीकडे-पलीकडे झाला की पिलं उपाशी राहतात. सगळीच भुकेने मरतात असं नाही. अर्धपोटी पिलू हळू वाढतं, जास्त दिवस लहान राहतं, आणि तेवढे दिवस जास्त तोंडांत जाण्याजोगं राहतं. माझ्या मते खरा घात इथे होतो.

तारलीची वीण पावसाळ्यातली. त्याच दिवसांत केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि सूक्ष्म वनस्पती फोफावतात. वारा कमी पडला तर पाणी वर येत नाही. फार सुटला तर खाद्य विखुरतं आणि पिलं किनाऱ्यापासून दूर जातात. केरळात 2012 साली तारली चार लाख टनांच्या आसपास निघाली, आणि 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी मधल्या घसरणीचा संबंध एल निनोशीही जोडला आहे. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. त्यामुळे एक पिढी बुडाली की ती झाकायला म्हातारे मासे मागे नसतात, फटका लगेच बाजारात दिसतो.

आता वहीचं काम. यासाठी बांगडा घ्या, तो बहुतेक वर्षभर मिळतो. दर आठवड्याला एकाच दुकानात किलोला किती नग बसतात ते लिहा आणि चार-पाच नगांची लांबी मोजा. किलोला दहाच्या आसपास बसला तर मासा साधारण 20 सेंटीमीटरचा. बारीक मालाचा एक मोठा लोट येतो आणि आठवड्यांमागून आठवडे तोच वाढत जाताना वहीत दिसला, तर पिढी भक्कम आहे. नुसता मोठा बांगडा येतोय आणि त्याच्या मागे बारीक काहीच नाही, तर शंका घ्या. फक्त शंकाच, कारण सोलापूरला येणारा माल निवडून येतो. बारीक पुष्कळदा तिकडेच मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातो. म्हणून मी बंदरावरच्या व्यापाऱ्याला फोनवर भावाआधी विचारते, "बारीक निघतंय का?" तुम्हीही दुकानदाराला हेच विचारा. उजनीच्या कटला-रोहूवर हा हिशेब लावू नका. तिथे बीज सोडलं जातं, त्यामुळे किती सोडलं यावर बरंच ठरतं.

हौस असेल तर ढोम्याचं डोकं मागून घ्या. डोळ्यांच्या मागून वरची कवटी सुरीने आडवी उडवा, मेंदू बाजूला करा. खाली दोन पांढरे, चिनीमातीसारखे कठीण खडे मिळतील. माशाचे हे कानातले खडे. पिलाच्या खड्यात रोज एक कडं चढतं, हे 1971 मध्ये ज्योर्जिओ पानेल्ला यांनी दाखवलं. ती कडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागतो. पण मोजली की पिलाची जन्मतारीख मागे जाऊन काढता येते. वीण महिनोन्‌महिने चाललेली असली तरी जगलेली पिलं कधीकधी मोजक्याच आठवड्यांत जन्मलेली निघतात. कुठले दिवस मानवले हे त्यातून समजतं, मग त्या दिवसांतला वारा आणि पाऊस तपासायचा.

खरेदीची पट्टी वेगळी ठेवा. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. बांगड्याची 14 सेंटीमीटर. त्याहून लहान घेऊ नका, स्वस्त असला तरी. लाखांतून वाचत-वाचत इथवर आलेलं ते पिलू असतं, आणि वाईट वर्षांनंतर वीण धरणारे तेच असतात. वहीत तारीख, किलोला नग, लांबी आणि माल कुठल्या बंदराचा, एवढं पुरे. भाव लिहायचा असेल तर वेगळ्या पानावर लिहा. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नसराई भाव हलवतात, त्यावरून पिढीबद्दल काही कळत नाही.