जनुक काढलं, डाग गेले आणि मी फसलो

खानापूर तालुक्यात भातशेतीत वाढलेल्या पोराला करपा, म्हणजे बुरशीमुळं होणारा भाताचा रोग, शिकवावा लागत नाही. लोंबी बाहेर पडते, मानेशी काळी पडून मोडते, दाणा भरत नाही, आणि त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कन्नडमध्ये याला बेंकी रोग म्हणतात. बेंकी म्हणजे आग. दोन्ही भाषांना एकच गोष्ट दिसली. त्या ओळखीवर मी या बुरशीच्या जनुकांवर पीएचडीला बसलो. आता याच कामाला लागणाऱ्या तुमच्यासाठी हे लिहितोय. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीला घाबरू नये, ती भीती वर्षभरात जाते.

पीसीआर (जनुक आहे की नाही हे तपासायची चाचणी), क्लोनिंग (जनुकाच्या प्रती तयार करणं) तुम्हाला येतंच, म्हणून थेट बुरशीकडे येतो. मॅग्नापोर्थे ओरायझी या करप्याच्या बुरशीचा तीन पेशींचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो आणि अंकुराच्या टोकाला घुमटासारखी फुगी धरतो, तिला अप्रेसोरियम म्हणतात. आत ग्लिसरॉल साठून ८ मेगापास्कलपर्यंत दाब तयार होतो, मोटारीच्या टायरच्या जवळजवळ ४० पट. त्या दाबानं बुरशी पान भोसकते. पीएमके१ हे जनुक काढलं तर घुमट होतच नाही. हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. अशी बुरशी ओरखडलेल्या पानातही पसरत नाही. मेलॅनिन या घुमटाच्या काळ्या रंगद्रव्याची जनुकं काढली तर घुमट होतो पण दाब धरत नाही, मात्र पान आधीच ओरखडलेलं असेल तर ती आत शिरते. म्हणून सुईनं ओरखडलेल्या पानावरची चाचणी कधीही गाळू नका. बुरशी दारात अडली की घरात शिरून अडली, ते त्यातूनच कळतं. आप्पा ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची पुडी आणायचे, तीही मेलॅनिनच अडवते. डाग पडल्यावर ती मारून आत शिरलेली बुरशी का मरत नाही, हे मला प्रयोगशाळेत उमगलं.

आता मी जिथं पडलो ते. मी एक जनुक काढलं आणि त्याच्या जागी मार्कर, म्हणजे हायग्रोमायसिन या औषधात बुरशीला तगवणारं खुणेचं जनुक, बसवलं. हायग्रोमायसिनवर वाढ आली, पीसीआर बरोबर आला, करप्याला सहज बळी पडणाऱ्या को-३९ या भाताच्या रोपांवर बीजाणू फवारले तर डाग नाही. मूळ बुरशीच्या रोपांवर भरपूर डाग. तीनदा तेच. मी घरी फोन करून आप्पांना सांगितलं की करप्याचं जनुक सापडलं. सात महिन्यांनी तेच जनुक परत घातलं, तरी बुरशी पान धरेना.

कारण नीट वाचा. मूळ बुरशी मी दर वेळी उणे २० अंशांत ठेवलेल्या वाळक्या फिल्टर पेपरवरून ताजी उठवत होतो. जनुक काढलेली मात्र एका प्लेटवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या अशी अकरा वेळा नेलेली. ही बुरशी प्लेटमधल्या ओटमील अगार या खाद्यावर आयतं खात राहिली की बीजाणू कमी धरते आणि रोग लावायची ताकद गमावते, जनुकाला कुणी हात न लावताही. म्हणजे मी ताज्या बुरशीशी थकलेली बुरशी ताडून बघत होतो आणि फरक जनुकाच्या नावावर लिहीत होतो. परत घातलं तेही त्याच थकलेल्या बुरशीत, मग रोग येणार कुठून? पीसीआर शेवटपर्यंत बरोबरच येत राहिला. जनुक गेलं एवढंच तो सांगतो. रोग का गेला, ते सांगत नाही. शेवटी जनुक काढलेल्या बुरशीचा पहिल्या पिढीचा एक फिल्टर पेपर सापडला. त्यावरून उठवलेल्या बुरशीनं मूळ बुरशीइतकेच डाग पाडले. त्या जनुकाचा रोगाशी संबंधच नव्हता. १४ महिने गेले.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं: जनुक काढल्यावर रोग घटावा आणि परत घातल्यावर परतावा. मला ते परीक्षेपुरतं पाठ होतं. तुम्ही एवढं करा. वेगवेगळे निदान तीन ट्रान्सफॉर्मंट (मार्कर घातल्यावर तगलेल्या बुरशी) घ्या, एका बीजाणूपासून शुद्ध करा आणि मूळ बुरशीसकट सगळे एकाच दिवशी फिल्टर पेपरवर वाळवा. ज्यात मार्कर दुसरीकडे बसला आणि जनुक शाबूत राहिलं तो ट्रान्सफॉर्मंट फेकू नका. तो त्याच वाटेनं आलेला असतो, त्याच्याइतकी प्रामाणिक तुलना दुसरी नाही.

संगणकावर जनुकांची यादी काढून शोधनिबंध लिहिणाऱ्यांच्या मागं सुरुवातीलाच लागू नका. या बुरशीचा जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकीय माहिती, २००५ पासून उघडा आहे, ११ हजारांवर जनुकं आहेत. याद्या कुणीही काढेल. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा तो रोपांजवळ येऊन डाग स्वतः बघतो का, हे विचारा. माझी चूक एका सीनियर ताईनं पकडली. तिनं पहिला प्रश्न विचारला, "ही प्लेट कितवी रे?"

चूक झालीच तर घाबरून कुणापासून लपवू नका. मीही वर्ष वाया गेलं म्हणून सोडायला निघालो होतो, आणि तरी पूर्ण केलं. सुट्टीला गावी गेलात तर करप्याची पानं आणा, पण कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये पान घामेजतं आणि त्यावर भलतीच बुरशी वाढते. पाकिटावर गाव, भाताची जात आणि तारीख तिथंच, बांधावर उभं राहून लिहा.