माजी राजकारण्यांची साप्ताहिक चर्चा कशी ऐकावी

बीबीसीच्या 'धिस वीक' या 2003 ते 2019 या काळात चाललेल्या कार्यक्रमात माजी मंत्री मायकेल पोर्टिलो यांच्यासारखे राजकारणी गप्पा मारत, पण त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारायला अँड्र्यू नील हे पत्रकार समोर बसलेले असत. दोन माजी राजकारणीच चालवतात अशा अलीकडच्या ब्रिटिश पॉडकास्टमध्ये पत्रकाराची ती खुर्चीच काढून टाकलेली असते, त्यामुळे उलटतपासणीचे काम श्रोत्यालाच करावे लागते.

पहिला भाग ऐकण्यापूर्वी दोन्ही सूत्रसंचालकांनी कोणती पदे कोणत्या वर्षांत सांभाळली, हे टिपून ठेवावे. 2023 मध्ये सुरू झालेल्या 'पोलिटिकल करन्सी'चे उदाहरण घ्या. जॉर्ज ऑस्बोर्न 2010 ते 2016 या काळात हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारात अर्थमंत्री होते, तर एड बॉल्स 2011 ते 2015 मजूर पक्षाचे छाया अर्थमंत्री, म्हणजे अर्थविषयक बाबींत सरकारला जाब विचारणारे विरोधी पक्षाचे प्रवक्ते, होते. साहजिकच सरकारी खर्चातील कपातीचा विषय निघाला, की हे दोघे विश्लेषक उरत नाहीत, आपापल्या जुन्या खटल्यातले पक्षकार होतात. नातीही टिपावीत: बॉल्स यांच्या पत्नी यवेट कूपर 2024 मध्ये गृहमंत्री झाल्या.

त्यानंतर प्रत्येक विधानाला 'हे पाहिलेले आहे की वाटलेले?' हा प्रश्न लावावा. मे 1997 मध्ये निवडणूक जिंकल्यानंतर आठवडाभराच्या आत मजूर पक्षाचे नवे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला, तेव्हा बॉल्स त्यांचे आर्थिक सल्लागार होते. त्या निर्णयाची हकीकत त्यांनी सांगितली तर ती साक्ष ठरते आणि अशा कार्यक्रमांचे खरे मोल तिच्यातच आहे. पुढच्या महिन्यात व्याजदर काय होईल, हे मात्र त्यांच्याकडून ऐकले तरी तो अंदाजच असतो. भाकिते तारखेसह लिहून ठेवलेली बरी. 'द रेस्ट इज पॉलिटिक्स' या अशाच दुसऱ्या पॉडकास्टमधील माजी मंत्री रोरी स्टुअर्ट यांनी 2024 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत कमला हॅरिस जिंकतील असे ठामपणे सांगितले होते, पण त्या हरल्या.

सर्वांत सावध राहावे ते दोघांचे एकमत झाल्यावर. स्टुअर्ट पूर्वी हुजूर पक्षाचे, तर त्यांचे जोडीदार अलिस्टर कॅम्पबेल हे मजूर पक्षाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे एकेकाळचे प्रसिद्धीप्रमुख (कॅम्पबेल यांनी निवडणूक कधी लढवलीच नाही, म्हणून त्यांना माजी राजकारणी म्हणणे जरा सैलच). मतभेद असावेत पण सौजन्याने मांडावेत, ही या कार्यक्रमाची भूमिका असून ती ऐकायला सुखद वाटते. पण 2016 च्या सार्वमतात हे दोघेही युरोपीय संघात राहण्याच्या बाजूचे होते, आणि बाहेर पडण्याच्या बाजूने कौल देणाऱ्या जवळपास 52 टक्के मतदारांची बाजू त्या टेबलावर मांडणारा कोणीच नसतो. पक्ष वेगळे म्हणजे मतेही वेगळी, हा समज इथे फसवतो. अशा विषयावरचा भाग ऐकला, की त्याच आठवड्यात विरुद्ध बाजूच्या एखाद्या जाणत्याचा लेख किंवा मुलाखत मिळवावी.

श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी दोन्ही कार्यक्रम वेगळा वेळ राखून ठेवतात. तिथे 'कपातीबद्दल आपले मत काय?' असे मोघम विचारल्यास ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी वर्ष, निर्णय आणि त्या वेळचे त्यांचेच एखादे विधान नोंदवून 'आज हा निर्णय पुन्हा घ्याल का?' असे विचारावे.