स्वतःच्या डॉक्युमेंटरीत स्वतः यायचं असेल तर

आधी एक टेस्ट करा. स्वतःला पूर्ण काढून टाकलेला एक रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, लावून बघा. फिल्म तशीच्या तशी उभी राहत असेल तर तुम्ही बाहेरच बरे, आणि मधेच काहीतरी तुटतंय, समोरचा माणूस नक्की कोणाशी बोलतोय हेच कळत नाहीये असं वाटलं तर मात्र तुम्हाला आत यावंच लागेल.

दुसरं, पहिल्या दिवसापासून स्वतःलाही कॉलर माइक लावा, वेगळ्या ट्रॅकवर. मी आजीवर शूट करत होते तेव्हा माझा आवाज नंतर कापायचाच आहे म्हणून माइकच लावला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी आजी बोलता बोलता थांबली आणि मलाच म्हणाली, "तू का विचारतेस गं हे सगळं?" मी जे उत्तर दिलं ते कॅमेऱ्याच्या मागून पुटपुटल्यासारखं आलंय, एक शब्द धड कळत नाही. अख्ख्या फिल्मचा जीव त्या उत्तरात होता. परत विचारून बघितलं, पण तो क्षण काही परत आला नाही.

आता किती दिसायचं? चेहराच दिसला पाहिजे असं अजिबात नाही. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाने २००० साली शेतात पिकं काढून झाल्यावर मागे उरलेलं वेचणाऱ्या लोकांवर फिल्म केली, हातात छोटा डिजिटल कॅमेरा होता, तर ती एका हाताने स्वतःचाच दुसरा हात शूट करते, सुरकुत्या, डाग, सगळं अगदी जवळून. टाकून दिलेल्या गोष्टींवरच्या फिल्ममध्ये स्वतःचं म्हातारपण असं शेजारी येऊन बसतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोगच्या २००५ च्या ग्रिझली मॅन या डॉक्युमेंटरीत अस्वलाने मारलेल्या माणसाच्या शेवटच्या क्षणांचा ऑडिओ आहे. हर्झोग हेडफोन लावून तो ऐकतो, आपल्याला ऐकवत नाही, समोर बसलेल्या त्या माणसाच्या मैत्रिणीला म्हणतो की हे कधीच ऐकू नका. तो दिसतो तोही बराचसा पाठमोरा. दिग्दर्शक फ्रेममध्ये आला तर काहीतरी जबाबदारी उचलायला आला पाहिजे, असं मला हा सीन बघून पक्कं वाटतं.

व्हॉइसओव्हर सगळ्यात शेवटी लिहा, पण शूट संपलं की रोज रात्री फोनवर दोन-तीन मिनिटं बोलून ठेवा, आज काय खटकलं, कुठे खोटं वागलो, कारण सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं सगळं गुळगुळीत होतं. चित्रात दिसतंय ते परत बोलू नका.

एडिट एकट्याने करू नका. आपण शहाणे दिसतो ते शॉट आपण ठेवतो आणि चिडलो, चुकलो ते गुपचूप उडवतो, मी पण केलंय हे. दुसऱ्या एडिटरला सांगून ठेवा की माझे वाईट शॉट आधी बाजूला काढ. समोरच्याला कॅमेऱ्यासमोर रडवलं असेल तर तुमचंही काहीतरी उघडं पडायलाच हवं ना.

आणि रफ कट त्या माणसांना दाखवा. जाँ रूश आणि एदगार मोरँ या फ्रेंच जोडीने १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये शूट केलेल्या फिल्ममध्ये हेच केलंय, लोकांना फुटेज दाखवलं, कोणाला ते खोटं वाटलं, कोणाला नको इतकं उघडं वाटलं, आणि ती सगळी चर्चा फिल्ममध्येच ठेवली. तुम्ही दाखवाल तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर चालू ठेवा, अर्थात त्यांना विचारूनच, आणि तुम्ही कॅमेऱ्यामागे नाही, त्यांच्या शेजारी बसा.