रेडिएटरचा पंखा फिरत नाही, की थांबतच नाही? दोष कसा शोधावा

गाडी तापायला लागली की बरेच जण आधी तापमानाचा सेन्सर बदलतात, आणि तरीही काटा वर चढतच राहतो. पार्ट बदलण्याआधी एवढंच ठरवायचं असतं: पंख्यापर्यंत वीज पोचत नाही, की पोचूनही तो फिरत नाही? मल्टीमीटर, हेडलाइटचा एक जुना बल्ब आणि फ्यूज लावलेली जाड वायर एवढ्यावर याचं उत्तर मिळतं.

आधी हात जपा. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

गाडी नेमकी कधी तापते?

सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असं असेल तर संशय पंख्यावर. उभ्या गाडीत एसी गार करत नाही आणि पळताना करतो, ही त्याचीच दुसरी खूण. पण मोकळ्या रस्त्यावर ताशी ७०-८० च्या वेगातही गाडी तापत असेल तर पंख्याच्या मागे लागू नका. त्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. तिथे थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर किंवा कमी झालेलं कूलंट तपासा.

कूलंटची पातळी तर सगळ्याच्या आधी बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. पातळी खाली गेली की सेन्सरचं टोक हवेत राहतं, तापमान खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, आणि धडधाकट पंखासुद्धा सुरू होत नाही.

पंखा कधी फिरायला हवा

बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो आणि पंखा साधारण ९५ ते १०० ला सुरू होतो. पाच-सहा अंश उतरले की तो थांबतो. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर पंखा फिरत नाही, हा दोष नव्हे.

आता इंजिन चालू ठेवून एसी लावा. पंखा फिरला तर मोटर आणि तिची मुख्य वायर ठीक आहे, सेन्सरकडे वळा. नाही फिरला तर एसीत गॅस आहे ना, हे लक्षात घ्या. गॅस संपलेला असला तर बऱ्याच गाड्यांत एसीमुळे पंखा सुरूच होत नाही.

पंख्याच्या कपलरपाशी

एसी लावलेला असताना कपलर (वायरचा प्लगसारखा जोड) सोडवून त्याच्या दोन जाड टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. १२ च्या वर आलं तरी लगेच मोटरला दोष देऊ नका. गंजलेला जोड मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार आला की कोसळतो. म्हणून तिथे ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब जोडून बघा. लख्ख पेटला तर वीज नीट पोचते आहे. मिणमिणला तर अर्थिंग (बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) किंवा एखादा जोड खराब आहे.

वीज पोचत असेल तर मोटर थेट बॅटरीवर लावून पाहा. वायर जाड घ्या आणि पॉझिटिव्ह बाजूला ३० अँपिअरचा फ्यूज लावा. दोन वायरच्या साध्या मोटरला उलटी जोडणी केली तर पंखा उलटा फिरतो आणि वारा चुकीच्या दिशेला फेकतो. पंखा सुरू होत नसेल तर मोटरच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. तेवढ्याने फिरायला लागला तर कार्बन ब्रश झिजले आहेत. तो आज चालेल, उद्या पुन्हा अडकेल. वीज काढून पातं हाताने फिरवा. घासल्याचा आवाज आला किंवा जड लागलं तर बेअरिंग गेलं आहे, आणि अशीच मोटर जास्त करंट ओढून फ्यूज उडवते.

तीन-चार वायरचे पंखे वेगळे. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर वेग ठरवणारं स्वतःचं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक सर्किट) असतं. बारीक सिग्नल वायरला बॅटरी लावली तर ते जळू शकतं.

वीज पोचत नसेल तर

फ्यूज आधी. तो बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. मग रिले, म्हणजे छोट्या करंटने पंख्याची मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. रिले काढून ८५ आणि ८६ या आकड्यांच्या टोकांमधला (आतल्या कॉइलचा) रोध मोजा; साधारण ५० ते १२० ओम यायला हवा. तिथे १२ व्होल्ट दिले की 'टक' आवाज येतो. आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं मात्र नाही. आतले काँटॅक्ट जळलेले असू शकतात, म्हणून तेव्हाच ३० (वीज येते ते टोक) आणि ८७ (पंख्याकडे जाते ते टोक) मधला रोध शून्याजवळ येतो का ते बघा.

रिले काढलेला आहे तोवर त्याच्या सॉकेटकडे निरखून पाहा. ३० किंवा ८७ च्या खाचेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, आतली पत्र्याची पकड सैल झाली असेल, तर नवा रिलेही तिथे टिकणार नाही. पकड बदलावीच लागते.

सॉकेटमधली ३० आणि ८७ ची टोकं फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. पंखा फिरला तर दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. नाही फिरला तर पंख्याकडे जाणारी वायर किंवा ३० ला येणारी वीज तपासा.

सेन्सर

इंजिन चालू असताना सेन्सरचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक) सुरक्षेसाठी लगेच पंखा सुरू करतो. तसं झालं तर ईसीयूपासून पंख्यापर्यंत सगळं ठीक आहे आणि संशय सेन्सरवरच उरतो. नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना दोन-तीन किलोओम असतो आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास उतरतो. गरम पाण्यात बुडवून मोजता येतो. स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) असेल तर रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे.

पंखा थांबतच नसेल तर

गाडी बंद केल्यावर काही मिनिटं पंखा फिरणं अनेक गाड्यांत नेहमीचंच आहे. तासाभरानेही थांबला नाही तर रिले उपसा. पंखा थांबला, तर बहुधा काँटॅक्ट चिकटले आहेत. थंड इंजिनवर चावी फिरवताच पंखा जोरात सुटत असेल तर सेन्सरचा कपलर बघा, तो निघालेला किंवा गंजलेला असतो. दोन वेगांच्या पंख्यात फक्त कमी वेग गेला असेल, तर वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असण्याची शक्यता सर्वात जास्त.

दुरुस्तीनंतर एसी बंद ठेवून इंजिन जागेवर चालू द्या आणि पंखा किमान दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत काट्यावर नजर ठेवा. पंखा फिरतो आहे, काटा चढतोच आहे आणि रेडिएटरचा खालचा होज पाइप गारच आहे, असं दिसलं तर इंजिन लगेच बंद करा: थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा कूलंटमध्ये हवा अडकली आहे.