सेक्रेटरी दप्तर दाखवत नाही? कार्यकारिणीत असाल तर हे करा

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम मंडळं, वाचनालयं, शिक्षण संस्था, आणि त्यातल्या कितीतरी संस्थांचं दप्तर, म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रं, सेक्रेटरीच्या घरातल्या कपाटात. हिशेब बघायला मागितला की 'इश्वास नाय व्हय आमच्यावर?' हे ठरलेलं उत्तर, आणि तिथंच माणूस गप बसतो. बसू नका. तुमचं नाव विश्वस्त म्हणून धर्मादाय ऑफिसात (अशा संस्थांची नोंदणी जिथं होते ते धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय) लागलंय ना, मग संस्थेचं नुकसान झालं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४०-४१ खाली चौकशी आणि वसुली तुमच्यापर्यंतही येऊ शकते, सही तुम्ही न वाचता केली हे तिथं कोण ऐकून घेत नाही.

आधी संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, वाचा, दप्तर कुणाच्या ताब्यात आणि कधी बघता येतं हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं.

मग लेखी अर्ज. तोंडी मागणी म्हणजे मागितलंच नाही असं समजा. आणि 'सगळे हिशेब दाखवा' असं मोघम लिहू नका, त्याला टोलवणं लई सोपं. असं लिहा: '१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळातलं प्रोसिडिंग बुक, रोजकीर्द, खतावणी, व्हाउचर फाइल, पावती पुस्तकांची स्थळप्रत, बँक पासबुक आणि डेड स्टॉक रजिस्टर मला कार्यकारिणी सदस्य म्हणून संस्थेच्या ऑफिसात बघायचं आहे, सोयीची तारीख कळवावी.' प्रोसिडिंग बुक म्हणजे सभा आणि ठरावांची वही, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, खतावणी म्हणजे खात्यावार नोंदी, स्थळप्रत म्हणजे संस्थेकडं राहणारी प्रत आणि डेड स्टॉक म्हणजे टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ वस्तू. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोहोच घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, उगाच भांडण वाढतं आणि काम मागं पडतं.

बघायला बसलात की प्रोसिडिंग आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. मोठी रक्कम काढली त्याच्या आधी ठराव झालाय का, ठरावावर तुम्ही हजर म्हणून सही दिसतेय आणि त्या दिवशी तुम्ही पुण्यात होता असं तर नाही ना, हे बघा. मूळ कागद घरी नेऊ नका, नाहीतर पान फाटल्याचा आळ तुमच्यावरच यायचा.

नाहीच दाखवलं तर? काही महत्त्वाचे कागद धर्मादाय ऑफिसातही असतात. संस्थेचा नोंदणी नंबर (सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था असेल तर 'एफ' नं सुरू होणारा) घेऊन जा आणि नकलेचा अर्ज करा. परिशिष्ट एकचा उतारा (नोंदणी रजिस्टरातली संस्थेची माहिती), मंजूर झालेले बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की द्यायचे), ऑडिट रिपोर्ट, एवढं मागा. ऑडिट रिपोर्ट तर नीट वाचा बरं का, कलम ३४ प्रमाणं अनियमित किंवा बेकायदा खर्च दिसला तर ऑडिटरला तसं लिहावं लागतं, फक्त ती शेवटची पानं कोण उलटत नाही.

तरी पण टाळाटाळ चालू असेल तर कलम ४१-अ खाली अर्ज करून धर्मादाय आयुक्तांकडं विश्वस्तांना निर्देश द्या म्हणून मागता येतं. अर्जाला तुमच्या मागणीची पोहोच आणि आलेलं उत्तर जोडा, उत्तरच आलं नसेल तर तसं लिहा.